वाटाड्याच्या मागे बसून

व्हिएतनामच्या मध्य पठारावर सुमारे १५०० मीटर उंचीवर दा लात हे शहर वसले आहे. तिथून खान्ह ले घाटाने थेट न्हा त्रांगच्या किनाऱ्यापर्यंत मोटारसायकलवरून उतरता येते. पुढे वाटाड्या, मागे पर्यटक. 'इझी रायडर' या नावाने हा व्यवसाय प्रसिद्ध आहे. या सफरीची वर्णने मात्र साच्यातून काढल्यासारखी असतात : कॉफीचे मळे, आदिवासी वस्ती, धबधबा, मग निळा समुद्र. आणि वाटाड्या? तो 'हसतमुख' असतो. बस्स.

वस्तुतः सांगण्याजोगी कथा पुढे बसलेल्याचीच. पहिल्या पिढीतले कित्येक वाटाडे दक्षिण व्हिएतनामच्या पराभूत सैन्यातले. १९७५ नंतर त्यांच्यासारख्यांची रवानगी 'पुनर्शिक्षण' छावण्यांत झाली, सरकारी नोकरीची दारे बंद झाली. युद्धकाळात शिकलेले इंग्रजी तेवढे हाती उरले.

मात्र त्याचा शब्दही प्रमाण मानू नये. तो बहुधा किन्ह, म्हणजे बहुसंख्य समाजाचा. आणि कोहो लोकांच्या घरात उभा राहून त्यांच्याविषयी बोलतो तोच. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर कॉफीपायी पठारावर किन्ह वस्ती वाढत गेली, मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या. २००१ आणि २००४ मध्ये त्यांनी निदर्शने केली. घाटातल्या धुक्यावर दोन पाने खर्चणाऱ्या लेखकाने त्या घरातल्या बाईला एखादा प्रश्न विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. दुभाषा तर सोबतच होता!