गिधाडाचं घर कड्यावर, ताट तुमच्या गावात

अंजनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या, बोरगडाखाली शेती करणाऱ्या आणि हरसूल-पेठकडे गुरं राखणाऱ्या सर्वांना ही विनंती आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ढोर पडलं की आभाळातून गिधाडं कशी उतरायची, ते सांगतील. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातून एक, इतकीच उरली.

उरलेल्यांसाठी आपल्या जिल्ह्यात जंगल राखलं आहे. बोरगड २००८ साली संवर्धन राखीव क्षेत्र झालं, अंजनेरी २०१७ साली. अंजनेरीच्या कड्यातल्या कपारींत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात.

पण गिधाड जेवायला कड्यावर थांबत नाही. ते कोसच्या कोस उडतं आणि जिथे ढोर पडलं असेल तिथे उतरतं. राखीव जंगलाची हद्द त्याचं घरटं सांभाळते. त्याचं ताट तुमच्या हातात आहे.

गिधाडं का मेली, ते २००४ साली कळलं. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध त्याला कारण होतं. लंगडणाऱ्या बैलाला ते टोचायचे. बैल मेला आणि गिधाडाने खाल्ला, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. एका ढोरावर अख्खा थवा बसतो. म्हणून एक ढोर अख्ख्या थव्याला पुरायचं.

हे कुणी मुद्दाम केलं नाही. बैलाचं दुखणं पाहवलं नाही म्हणून औषध दिलं. आता कळलं आहे, तर एवढं करा.

पहिलं, औषधाचं नाव विचारा. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे. असिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही २०२३ साली बंदी आली. डॉक्टरांना सांगा, "मेलॉक्सिकॅम द्या." ते जनावराला लागू पडतं आणि गिधाडाला बाधत नाही. माणसांचं इंजेक्शन दुकानातून आणून बैलाला टोचू नका.

दुसरं, दुखण्याचं औषध चालू असताना जनावर दगावलं, आणि औषध कोणतं ते नक्की माहीत नसलं, तर ते उघड्यावर टाकू नका. खोल खड्डा करून पुरा.

तिसरं, औषध न दिलेलं जनावर मेलं तर वनरक्षकाला विचारा. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांना खाणं टाकायची जागा केलेली आहे. तुमच्या भागात कुठे टाकावं, ते तो सांगेल. रस्त्याच्या कडेला किंवा पाण्याजवळ मात्र टाकू नका.

चौथं, मेलेल्या ढोरात विष घालू नका. बिबट्याने वासरू नेलं की राग येतो, ते समजतं. पण त्या विषाने गिधाडं मरतात, तुमचं कुत्रंही मरतं. वन विभागाला लगेच कळवा. पंचनामा झाला की भरपाई मिळते. १९२६ हा त्यांचा मदतीचा क्रमांक घरात लिहून ठेवा.

पाचवं, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कडा शांत राहू द्या. तेव्हा घरट्यात अंडं किंवा पिल्लू असतं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. ते गेलं, तर त्या जोडीचं वर्ष गेलं. अंजनेरीला दर्शनाला जरूर जा. कड्याजवळ फटाके, भोंगा आणि ड्रोन नको. वाळल्या गवतात विडी टाकू नका. संक्रांतीला नायलॉनचा मांजा घेऊ नका, तो झाडावर अडकून राहतो आणि पाखरांचे पंख कापतो.

यात तुमचं काय, असं वाटेल. गिधाडांचा थवा अख्खं ढोर तासाभरात साफ करतो. गिधाडं गेली तशी ढोरं सडत पडली. पाणी नासलं, मोकाट कुत्री वाढली, पिसाळलेलं कुत्रं चावण्याची भीती वाढली. अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला आहे. गिधाडं कमी झाल्यामुळे देशात २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. गावाची घाण कुणीतरी काढतच होतं, ते कुणी मोजलं नव्हतं.

टाकेदला जटायूने देह ठेवला, असं आपण मानतो. त्याला हात जोडायला आपण जातो. त्याच्या वंशातलं पाखरू आजही आपल्याच डोंगरात एक अंडं उबवत बसलं आहे.

आज संध्याकाळी गोठ्यात जाल तेव्हा फळीवरच्या बाटल्या खाली काढा. एकेकीवरचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला सांगा. डायक्लोफेनॅक निघालं तर ती बाटली जनावरांच्या दवाखान्यात नेऊन द्या.