हप्त्यावरचा बर्फ

आमच्या केबिन रोडवरही हल्ली आल्प्समधील आलिशान हिवाळी सहलीचे बेत रंगतात. तेही कर्जाच्या हप्त्यांवर! बर्फ श्रीमंतांनीच पाहावा, असे माझे म्हणणे नाही. परंतु स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झची कथा मननीय आहे. १८६४ साली तेथील हॉटेलमालक योहानेस बाद्रुट यांनी उन्हाळी इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, असे सांगतात : हिवाळ्यात या; न आवडल्यास प्रवासखर्च माझा! तेव्हा जोखीम यजमानाची होती. आज तापमानवाढीमुळे आल्प्सच्या सखल उतारांवर कृत्रिम बर्फ पसरावा लागतो. बर्फ रुसला, तरी आपला हप्ता चुकत नाही. स्कीचे भाडे, शिकवणी, लिफ्टचा पास हा खर्च निराळाच. मित्रहो, स्वप्न जरूर पाहावे. पण धाकट्या भावंडांची फी भरून उरलेल्या पैशांत!