विकतच्या पिठाची वकिली

मी दर रविवारी घरी आप्पे करतो. तेही गोड. आणि तेही विकतच्या पिठाचे.

ह्या तीन वाक्यांचा ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो, याचा मी बारकाईने अभ्यास केला आहे. पहिल्या वाक्याला बायका माझ्याकडे कौतुकाने आणि आपापल्या नवऱ्यांकडे तिरस्काराने पाहतात. दुसऱ्या वाक्याला नवरेमंडळींच्या तोंडाला पाणी सुटतं. तिसरं वाक्य ऐकलं की मात्र दोन्ही पक्ष एकजुटीने माझ्याकडे असे बघतात, की जणू मी नोटांच्या बंडलात खोटी नोट सरकवताना सापडलोय.

"विकतचं पीठ?"

"हो."

"म्हणजे पिशवीतलं?"

"हो."

मग थोडा वेळ शांतता. कुणी गेल्यावर पाळतात तशी.

ह्या शांततेविरुद्ध हा लेख आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. गेली वीस वर्षं बँकेत कारकुनी करतोय. भांडण हा माझा प्रांत नव्हे. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी "साहेब, सिस्टिम डाऊन आहे" यापलीकडे मी कधी गेलो नाही. पण मध्यंतरी एका रविवारी अप्पाकाका आणि काकू आमच्याकडे आले आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं भांडण मी आप्प्यांवरून केलं. अप्पा आणि आप्पे ह्यावर कोटी करण्याचा मोह मी आवरतो. ती काकांनी स्वतःच दारातून आत येता येता केली.

अप्पाकाका हे माझे धाकटे काका. वय बाहत्तर, प्रकृती ठणठणीत, मतं त्याहून ठणठणीत. ठाण्याहून डोंबिवलीला ते अकराच्या सुमाराला पोचणार. म्हणजे नाश्त्याला बोलवावं तर उशीर, आणि जेवायला बोलवावं तर एक वाजेपर्यंत त्यांना थोपवायचं कुणी? तेव्हा माझ्या मुलीने ठरवलं, ब्रंच करू. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने एक लेख लिहून रविवारची न्याहारी आणि जेवण ह्यांचं विलीनीकरण करावं, अशी शिफारस केली आणि त्याला 'ब्रंच' म्हटलं. शनिवारी रात्री जागरण केलेल्यांना रविवारी लवकर उठावं लागू नये, हा त्यातला एक मुद्दा. खाणाऱ्याच्या झोपेची सोय झाली. करणाऱ्याच्या झोपेचं काय, हा प्रश्न एकशे तीस वर्षं फिरत फिरत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन ठेपला. त्याचं उत्तर कोपऱ्यावरच्या डेअरीत मिळालं. इडलीच्या पिठाची पिशवी.

विकतच्या पिठाला काही करावंच लागत नाही, अशी एक अफवा आहे. ती पसरवणाऱ्यांनी ते कधी केलेलं नसतं. पहिल्यांदा मी पिठात गूळ तसाच ढकलला आणि गॅस मोठा ठेवला. गूळ विरघळला की पीठ सैल होतं आणि तापलं की गूळ आधी करपतो, हे बी.कॉम.ला नव्हतं. जे आप्पे निघाले, ते बाहेरून निकाली आणि आतून प्रलंबित होते. आता मी दोन वाट्या पिठाला अर्धी वाटी चिरलेला गूळ घेतो, तो चार चमचे कोमट पाण्यात विरघळवून गाळतो, त्यात एक पिकलेलं केळं कुस्करतो, ओलं खोबरं, वेलची आणि सैलपणा आवरायला तीन चमचे रवा घालतो आणि पंधरा मिनिटं गप्प बसतो. मग आप्पेपात्राच्या प्रत्येक खळग्यात थेंबभर तूप, पाऊण खळगा पीठ, वर झाकण आणि आच मंद. कडा सुटल्या की विणायच्या सुईने उलटायचे. सुई आईची. तिच्या स्वेटरांची सद्दी डोंबिवलीच्या हवेने संपवली, सुया राहिल्या.

त्या रविवारी पहिला घाणा उतरला. काकांनी एक आप्पा तोंडात टाकला. डोळे मिटले. दुसरा टाकला. तिसरा टाकला. सहाव्यानंतर त्यांनी विचारलं, "पीठ केव्हा वाटलंस?"

मी खरं सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं, असं काही जण म्हणतील. पण फ्रिजमध्ये रिकामी पिशवी... म्हणजे पुरावा उघड होता.

काकांनी सातवा आप्पा ताटलीत परत ठेवला. "तरीच," ते म्हणाले. "तरीच म्हटलं, चवीत काहीतरी कमी आहे."

सहा आप्प्यांपर्यंत न सापडलेली कमतरता पिशवीच्या नुसत्या उल्लेखाने सापडली! मग काकांनी सुरुवात केली. आजकालच्या घरांतून रगडा गेला, मग चव गेली, मग संस्कार गेले. "आमच्या वहिनींच्या हातचे आप्पे! रात्री रगड्यावर वाटायच्या. पहाटे पीठ कसं फुगून वर यायचं! ती चव आता कुठली?" वहिनी म्हणजे माझी आई. ती समोरच बसली होती, सत्त्याहत्तर वर्षांची, उजवा खांदा शेकत.

इथे मी तोंड उघडलं.

काकांची मुलगी न्यू जर्सीला असते. महिन्यापूर्वी तिने 'मंकी ब्रेड' केला. आपण त्याला माकडपाव म्हणू. तिथल्या दुकानात मळलेल्या, फुगायला तयार असलेल्या कणकेचे नळकांड्यासारखे डबे मिळतात. लुइव्हिलच्या लाइव्हली विलोबी नावाच्या बेकरने त्याचं पेटंट १९३१ साली मिळवलं. डबा फट्‌कन उघडायचा, आतल्या चकत्यांचे चार-चार तुकडे करायचे, साखर-दालचिनीत घोळवायचे, वर लोणी-साखर ओतून भाजायचे. मग सगळ्यांनी एकेक घास तोडून खायचा. रविवारच्या सकाळचा हमखास बेत. त्याचा फोटो काकांनी निम्म्या ठाण्याला दाखवला. "बघा, नोकरी सांभाळून काय काय करते पोरगी! तिकडे सगळं कसं सुटसुटीत!"

"काका," मी म्हटलं, "न्यू जर्सीत डबा फुटला की प्रगती, आणि डोंबिवलीत पिशवी फुटली की अधोगती, हे कसं?"

"ते वेगळं," काका म्हणाले. हे उत्तर आमच्या मॅनेजरसाहेबांचंही आवडतं आहे. ह्यापुढे चर्चा नको, असा त्याचा अर्थ असतो.

पण मी हट्टाला पेटलो होतो. घरचं म्हणजे काय, हे एकदा ठरवूया. आजी जात्यावर दळायची. गिरणी आली तेव्हा जात्याच्या पिठाची चव गेली म्हणून हळहळणारे होतेच. आज गिरणीचं पीठ चोख घरचं! पुढे आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडात मिक्सर आला. तेव्हा मी शाळेत होतो, पण काकांचं वाक्य आठवतंय, "दगडाची चव यंत्राला कुठली?" आज मिक्सरचं वाटणही घरचं झालं. श्रीखंडासाठी घरी चक्का टांगलेला मी वर्षानुवर्षं पाहिलेला नाही. डबा येतो, आणि काका तो चमच्याने खरवडून संपवतात. ही 'घरचं' आणि 'विकतचं' यांमधली रेघ हलती आहे. आणि ती नेमकी तिथे थांबते, जिथे अजून एखाद्या बाईचं मनगट काम देऊ शकतं.

बरं, परंपरा म्हणावी, तर तीही इतकी घट्ट नाही. इसवी सन ९२०च्या सुमाराच्या 'वड्डाराधने' ह्या कन्नड ग्रंथात 'इड्डलिगे' आहे, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त 'इडरिका' आहे. ती नुसत्या उडदाची. ज्याला आपण सनातन म्हणतो, त्या पिठात पुढे केव्हातरी तांदूळ शिरला. तेव्हाही कुणीतरी अप्पाकाका "चव गेली" म्हणाले असतील. पीठ आंबवण्याचं काम तर बिचारे जिवाणू करतात. ते घरच्या पातेल्यात करतात तसंच पिशवीतही करतात. पातेलं कोणत्या कुळातलं, हे ते विचारत नाहीत.

आणि तयार पिठाची एवढी अॅलर्जी असेल, तर काकांनी पापड सोडावा. १९५९ साली आमच्या गिरगावातच, लोहाणा निवासाच्या गच्चीवर, सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचा 'लिज्जत' झाला. त्याची पद्धत काय? मळलेलं पीठ शाखेतून घेऊन जायचं, घरी लाटायचं, पापड परत द्यायचे आणि मजुरी घ्यायची. म्हणजे मळण्याचं काम एकीकडे आणि लाटण्याचं दुसरीकडे. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तयार पिठाने बायका आळशी होतात म्हणणाऱ्याने तो पापड मोडताना एकदा विचार करावा. पण त्या व्यवहारात आणि आमच्या घरच्या व्यवहारात एक फरक आहे. तिथे प्रत्येक किलोची नोंद व्हायची.

नोंद हा शब्द तोंडातून गेला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. मी पेपराच्या समासात हिशेब मांडला. गिरगावच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं. माणशी सहा आप्पे धरले तर सहासष्ट. पात्राला खळगे सात. म्हणजे दहा घाणे. एकेकाला सहा मिनिटं, म्हणजे एक तास. रगड्याचा दीड तास, निवडणं-धुणं-आवरणं अर्धा. एकूण तीन. महिन्यातून दोनदा म्हटलं तर वर्षाला बहात्तर तास. पंचवीस वर्षांचे अठराशे. आठ तासांचा दिवस धरला तर दोनशे पंचवीस दिवस. रविवार, सुट्ट्या, रजा वजा जाता बँकेतलं जवळजवळ एक अख्खं वर्ष माझी आई फक्त आप्पे करत होती. पोळ्या, भात, पुरणं, डबे ह्यांची खाती वेगळी. ह्या वर्षाचं व्हाउचर कुठे आहे? जमेला आपण काय लिहिलं? "वहिनींच्या हातची चव." एवढंच. बिनव्याजी कर्ज काढून पन्नास वर्षांनी सावकाराचं नुसतं तोंडभर कौतुक करायचं, ह्याला आमच्या बँकेत थकबाकी म्हणतात.

हे जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत देशातल्या घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, असं निघालं, पुरुषांची ९७. पुन्हा हे ९७, जे पुरुष काही करतात त्यांचे. असे शंभरात सव्वीस. उरलेले चौऱ्याहत्तर बहुधा चवीबद्दल बोलत असावेत.

पिशवीची बाजू घेताना तिचे दोष मी लपवत नाही. घरच्या डाळ-तांदळापेक्षा ती महाग पडते. तारीख न बघता घेतली तर पीठ आंबट ढाण निघतं आणि मग गुळालाही ऐकत नाही. वाटण्यात ज्याला खरोखर आनंद आहे, त्याने जरूर वाटावं. माझी अट एकच. चव ज्याला हवी, मनगट त्याचं. काकांना रगड्याची चव हवी असेल, तर गिरगावातला रगडा आमच्या बाल्कनीत तुळशीखाली आहे. तो उचलायला दोन माणसं लागतात; दुसरा मी येतो.

काका हसले नाहीत. त्यांनी शेवटचा दावा वरच्या कोर्टात नेला. "वहिनी, तुम्हीच सांगा. तुमच्या आप्प्यांची सर ह्याला आहे?"

मला वाटलं, आता निकाल विरुद्ध जाणार. तिच्या हातच्या चवीचा प्रश्न होता.

आईने ताटलीतला आप्पा उचलला, मधोमध तोडला. त्यातून वाफ निघाली. ती फुंकर घालत म्हणाली, "कसं सांगू, अप्पाभावजी? मी माझे कधी गरम खाल्लेच नाहीत. घाणा उतरला की तुम्ही सगळे. शेवटच्यातला उरला तर एखादा, तोही गार. गरम आप्पा असा लागतो, हे ह्याच्याकडे आल्यावर कळलं मला."

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. पाऊस पडतोय म्हणावं, तसं म्हणाली. मी पेपरातला हिशेब घडी घालून ठेवला. त्यात हा रकाना धरलेलाच नव्हता. काकांनी परत ठेवलेला सातवा आप्पा मुकाट्याने उचलला आणि खाल्ला. नंतर आठवाही.

दुसरा घाणा लावायला मी आत गेलो, तर मागोमाग काकू आल्या. सबंध वेळ त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी एकदा बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, पदराने हात पुसले आणि हळू आवाजात विचारलं, "पिशवी एक किलोची मिळते का रे? आणि आमच्या ठाण्यात कुठे मिळेल?"