पिल्लू बिथरलं तर काठी नको

अंतरवाली सराटीसारख्या गावात पिल्लू अचानक दडू लागलं, अंगावर धावू लागलं, की आपण काठी उचलतो. माझ्या मते हे घातक आहे. 8 ते 11 आठवड्यांचं पिल्लू सहज घाबरतं; दुखण्यानं, मारानं चावरं होतं. पण रेबीजची सुरुवातही अशीच दिसते, आणि माणसात लक्षणं उमटली की मृत्यू जवळजवळ अटळ. म्हणून पिल्लाला हात न लावता वेगळं ठेवा, पशुवैद्यकाला कळवा. मुलांनाही रागावू नका. माराच्या भीतीनं ती ओरखडा लपवतात. हळद-मिरची न भरता जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, लसीचे सगळे डोस घ्या. पिल्लू तीन महिन्यांचं होताच त्यालाही लस टोचून घ्या.