प्रोस्टेटचा कॅन्सर : वाडवडिलांकडून काय येतं, आपल्या हाती काय राहतं

साठी ओलांडलेला माणूस रात्रीतून चारदा लघवीला उठतो, धार बारीक होते. घरात कोणी फारसं मनावर घेत नाही. ‘वय झालं’ म्हटलं की विषय संपतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. ती वयाबरोबर फुगते व लघवीची वाट दाबते. हा कॅन्सर नव्हे आणि त्यावर गोळ्या आहेत.

पण याच ग्रंथीला कॅन्सरही होतो, आणि तो सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. कंबर किंवा पाठ सतत दुखू लागते तेव्हा कित्येकदा तो हाडांत उतरलेला असतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली अंदाज मांडला की जगात २०२० मध्ये वर्षाला १४ लाख असलेले नवे रुग्ण २०४० पर्यंत २९ लाख होतील. माणसं जास्त जगू लागली, हे त्याचं मुख्य कारण. आपली गावंही आता म्हाताऱ्या माणसांची होत चालली आहेत. तेव्हा हा विषय शहरापुरता राहणार नाही.

घराण्याचा वाटा

वडील किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. उत्तर युरोपातील देशांत जुळ्या भावंडांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात (२०१६) माणसामाणसांतील धोक्याच्या फरकापैकी सुमारे ५७ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. इतर बहुतेक कॅन्सरपेक्षा हा वाटा मोठा आहे.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बीआरसीए-२ या जनुकात बिघाड असेल तर बायकांना स्तनाचा व बीजाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. तोच बिघाड पुरुषात आला तर प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर व जास्त आक्रमक होऊ शकतो. म्हणजे केवळ बापाकडचं पाहून भागत नाही. आई, मावशी, आत्या, बहीण कशानं गेली, हेही विचारावं. सातबाऱ्यावर वारस लावताना आपण चार पिढ्या काढतो, पण आजोबा कोणत्या दुखण्यानं गेले हे नातवाला सांगता येत नाही.

वजन, कष्ट आणि बिडी

मग रक्तातच असेल तर करायचं काय? अमेरिकेत १२ हजारांहून अधिक पुरुषांची अनेक वर्षे पाहणी झाली व २०२२ साली निष्कर्ष आले. ज्यांचा आनुवंशिक धोका सर्वांत जास्त, त्यांनी वजन आटोक्यात ठेवलं, अंगमेहनत केली, धूम्रपान टाळलं, तरी कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. मात्र तो जीवघेणा ठरण्याचा धोका जवळपास निम्मा दिसला. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हेही दिसून आलं आहे.

एक इशारा. ‘ताकदीच्या’ गोळ्यांवर पैसे घालू नका. ३५ हजारांवर पुरुषांवर झालेल्या प्रयोगात ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी धोका घटण्याऐवजी १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ साली आढळलं.

फवारणीचं काय?

शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा खरा प्रश्न. अमेरिकेत आयोवा व नॉर्थ कॅरोलिना येथील शेतकऱ्यांची पाहणी १९९३ पासून चालू आहे. तिच्यात २०१३ साली मॅलॅथिऑन, टर्बुफॉस यांसारख्या काही औषधांचा आक्रमक प्रोस्टेट कॅन्सरशी संबंध दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ साली मॅलॅथिऑनला ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात टाकलं. माणसांतला पुरावा मात्र मर्यादित असल्याचंही नमूद केलं. फ्रान्सने तर डिसेंबर २०२१ मध्ये कीटकनाशकांमुळे शेतकरी-मजुरांना होणारा प्रोस्टेट कॅन्सर व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. त्यामागे मार्टिनिक व ग्वाडेलूप बेटांवरील केळीच्या बागांत वापरलेल्या क्लोर्डेकोनचा इतिहास आहे.

याचा अर्थ फवारणी केली की कॅन्सर होतोच, असा नाही. पण हातमोजे, तोंडाला फडकं, अंगभर कपडे आणि काम झाल्यावर लगेच आंघोळ यात कुचराई नको.

तपासणी कोणी करावी?

सरकारी मोहिमेत तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी होते. प्रोस्टेटची होत नाही. शिबिरात रक्ताची ‘पीएसए’ तपासणी केली आणि आकडा वाढला, तर लगेच हबकू नये. साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग यानेही तो वाढतो. कॅन्सरचं निदान तुकडा काढून तपासल्यावरच होतं. घराण्यात इतिहास असेल त्याने मात्र पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोलावं.

निदान झालं म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. ब्रिटनमधील १,६४३ रुग्णांची १५ वर्षांची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचा कॅन्सर ग्रंथीपुरता होता. कोणी शस्त्रक्रिया केली, कोणी किरणोपचार घेतले, कोणी केवळ नियमित तपासण्या केल्या. तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के या आजाराने दगावले नाहीत. दूरवर पसरलेल्या कॅन्सरचं चित्र उलटं आहे. अमेरिकेसारख्या देशातही पाच वर्षे जगणारे सुमारे एक तृतीयांशच. फरक पडतो तो वेळेचा.

ग्रामपंचायतीने काय करावं

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिचे कर्मचारी गावोगाव जाऊन रुग्णांची माहिती घेतात. प्रत्येक गावाला एवढं जमणार नाही. पण मृत्यूची नोंद करताना ‘वार्धक्य’ एवढंच न लिहिता, डॉक्टरांचे कागद पाहून खरं कारण लिहून घेणं अवघड नाही. आशाताईंनी साठीपुढच्या पुरुषांना लघवीतून रक्त जातं का, हाडं सतत दुखतात का, हे विचारावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. त्याची माहिती ग्रामसभेत द्यावी. पुरुष लाजेपोटी बोलत नाहीत. तेव्हा विचारणाऱ्यानेच पुढे झालं पाहिजे.