बक्षीस टोळीला की एकेकाला?

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची गाडी लागली की हमालांची टोळी पुढे येते. हमाली पोत्यामागे ठरते आणि टोळीत वाटली जाते. अशा टोळीत अंग चोरणाऱ्यास शेठजींनी बोलण्याची वेळच येत नाही, सोबतीच त्याला सुनावतात.

आमच्या शिलाईच्या दुकानांत मात्र नगावर मजुरी. नांदेडचा इतवारा असो की लातूरची गंजगोलाई, रमजानची गर्दी उसळली की कारागीर सोपे नग आधी उचलतो, शेरवानी पडून राहते आणि शिकाऊ पोराकडे बघायला कोणाला फुरसत नसते. त्यात कारागिराचा काय दोष? पैसे नगाचे आहेत, शिकवण्याचे नाहीत.

अमेरिकेत नापा येथील कोरेट कापड कारखान्याने १९९५ ते १९९७ च्या काळात नगाची मजुरी सोडून गटाला मिळून मोबदला दिला. उत्पादन सरासरी १४ टक्के वाढले. नवल असे की, चांगला हात असलेल्या कामगार गटात आधी गेल्या.

पण गट मोठा झाला की हे गणित फसते. फ्रान्सच्या रिंगेलमान यांनी दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध केले. आठ जण मिळून ओढू लागले तेव्हा प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर आला.

बोनसची गोष्ट निराळी. १९६५ च्या कायद्याने ठरलेले किमान ८.३३ व कमाल २० टक्के २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहेत. तो वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांतील पात्र कामगारांचा हक्क आहे. वर्षाअखेरीच्या त्या रकमेने रोजचा हात वेगाने चालेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. आणि गटाचे बक्षीस देऊन बोनस बुडवणे तर सरळ लबाडी.

व्यापारी बंधूंना एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. पोरांनी जास्त कमावले की पुढच्या महिन्यात दर कापायचा, ही खोड आपल्यात आहे. असे एकदा झाले की गट आपसात ठरवूनच हात आखडतो, मग कोणतीही योजना आणा.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी चार-पाच जणांपासून सुरुवात करावी. हिशेब महिन्याचा ठेवावा, बिघडलेला नग मोजणीत धरू नये, शिकाऊचा वाटा गटानेच आधी ठरवावा. दर निदान वर्षभर हलवू नये. आणि हिशेबाची वही गल्ल्यात नव्हे, मशीनजवळ ठेवावी.