कॅमेरा सर्वांचा, छायाचित्रकार कोण?

आज कॅमेरा कोणाच्या खिशात नाही? यंदाच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर जितके कलावंत होते, त्याच्या कितीतरी पट हात मोबाइल उंचावून प्रेक्षागृहात उभे होते. मागे बसलेल्यांना नाटक दिसलेच नाही. त्या उभ्या हातांत माझाही एक होता, हे आधीच कबूल करतो. पण आपल्यापैकी छायाचित्रकार किती?

या प्रश्नापाशी मला होमाई व्यारावाला आठवतात. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या होमाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार ठरल्या. सुरुवातीला त्यांची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. नाव दुसऱ्याचे, तरी काम थांबले नाही! १९४२ पासून दिल्लीत साडी नेसून, जड सामान घेऊन त्या सायकलवरून हिंडल्या. १६ ऑगस्ट १९४७ चे लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण आणि कबूतर सोडणारे नेहरू त्यांच्याच कॅमेऱ्याने आपल्यासाठी जपले.

त्यांच्या रोलिफ्लेक्समधील एका रोलवर बारा चित्रे येत. म्हणजे बटण दाबण्यापूर्वी बारा वेळा विचार. आपण एका मिनिटात शंभर चित्रे काढतो आणि त्यांतले एकही पुन्हा पाहत नाही. दोष यंत्राचा नाही. पाहण्याचे कष्ट आपणच सोडले आहेत.

३० जानेवारी १९४८ रोजी होमाई गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ, असे म्हणून पतीने त्यांना परत बोलावले. तो उद्या उगवलाच नाही. न घेतलेल्या त्या चित्राची रुखरुख त्यांना जन्मभर राहिली. ध्यास म्हणतात तो हाच.

आणि याच बाईंनी पतीच्या निधनानंतर, १९७० साली, हा व्यवसाय सोडला. नव्या छायाचित्रकारांची धसमुसळी वागणूक त्यांना पटेना. कोणी म्हणेल, ध्यास होता तर सोडला कसा? माझ्या मते, ध्यास होता म्हणूनच सोडला. समोरच्या माणसाचा मान राखून चित्र घेता येत नसेल, तर ते घेऊ नये, ही त्यांची कसोटी होती. २०११ साली पद्मविभूषण मिळाले, तेव्हा कॅमेरा खाली ठेवून त्यांना चाळीस वर्षे झाली होती. २०१२ च्या जानेवारीत बडोद्यात त्यांचे निधन झाले.

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत आमचा एक वर्गमित्र भाषण विसरला आणि विंगेत जाऊन रडला. मी त्याचे चित्र टिपले. प्रकाश सुंदर पडला होता, चेहराही बोलका होता. सर्वांनी वाहवा केली. तो मात्र महिनाभर माझ्याशी बोलला नाही. शेवटी एवढेच म्हणाला, "तू कॅमेरा काढलास, त्याऐवजी जवळ आला असतास तर?" ते चित्र मी पुसून टाकले, त्याचा प्रश्न पुसता आला नाही.

म्हणून, मित्रहो, महागड्या भिंगाने कोणी छायाचित्रकार होत नाही. हुकलेल्या चित्रासाठी ज्याचा जीव तुटतो आणि तरीही दुसऱ्याच्या दुःखासमोर ज्याचा हात आपोआप खाली येतो, त्यालाच मी खरा छायाचित्रकार म्हणेन. यातली पहिली गोष्ट माझ्यापाशी थोडीफार आहे. दुसरी मी अजून शिकतो आहे.